डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर

लग्न होऊन मी खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आले, तेव्हा माझी सावत्र मुलगी सहा वर्षांची होती. तिची आई वर्षभर आधी काविळीनं गेली होती. पोरगी लहानखुरी, डोळे बारीक, वरचा ओठ अगदी पातळ. एका जागी दोन मिनिटं बसत नसे. एकदा ती थेट कोळशाच्या गाड्यांच्या रुळांवर सापडली. तेव्हापासून मी दाराला आतून वरची कडी लावू लागले. नवऱ्याची कामाची पाळी संपेपर्यंत आम्ही दोघी त्या दोन खोल्यांत कोंडलेल्या.

पोटुशी असताना तिची आई रोज मोहाची दारू प्यायची, हे मला शेजारणींनी सांगितलं होतं. "पण माय सावत्र हाय ना वं, म्हणून पोरगी अशी होऊन राहिली," असंही त्याच म्हणत. घरात तो विषय काढायचा नाही, असं नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

पहिलीत ती दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा कुठे तो आम्हाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पोरीचा चेहरा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "गरोदरपणी आई दारू घेत होती का?"

"नाही," नवरा म्हणाला.

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांना मीच आई वाटले होते. "खरं सांगा. त्याशिवाय मला कळायचं नाही."

नवरा खाली बघत होता. मी सावत्र, पिणारी ती गेलेली आई, असं खरं सांगितलं असतं तर तो पोरीला उचलून तसाच निघाला असता.

"हो," मी म्हणाले. "घेत होते."

बाईंनी कागदावर लिहून घेतलं. मग नीट समजावलं. पोरगी हट्टी नाही, पोटात असतानाच तिच्या मेंदूला इजा झालीय. ती भरून येणार नाही, पण गोळीनं लक्ष थोडं टिकेल. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. मारायचं नाही.

बसमध्ये नवरा म्हणाला, "काहून बोलली तू तसं?"

"मंग तुमी बोलले असते का?"

 त्यानंतर तो दवाखान्यात कधीच आला नाही.

गोळीनं तिची भूक गेली, म्हणून बाईंनी गोळी अर्धी केली. मी "चप्पल घाल" म्हणायची, घालेपर्यंत थांबायची, मग "दप्तर घे." दिवसभर असंच. वर्षभरानं ती एका बैठकीत अर्धं पान वाचू लागली. गणित शेवटपर्यंत आलं नाही.

दर महिन्याला बाई आधी मलाच विचारत, "आता घेत नाही ना?"

"नाही."

एकदा त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या बाईंनी दारू सोडली आणि पोरीसाठी एवढं केलं." सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं सांगायला तोंड उघडलं, पण पोरगी शेजारीच होती, आता तिला सगळं समजत होतं, आणि गेलेल्या आईबद्दल तिनं हे ऐकायला नको होतं. मी मान हलवली आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेतली.