दोन लुगड्यांचे बिबडे

“पप्पा, हा बिबड्यावर बसला!”

मोठी गच्चीवरून ओरडली ते सगळ्या पिंप्राळ्यानं ऐकलंच, पण माझा अंदाज आहे की तिकडे धरणगावला सासूबाईंच्या कुलूपबंद घरातली भांडीही थरथरली असावीत. मी खाली स्वयंपाकघरात दोन्ही पोरांसाठी वरणभात कालवत होतो. ताटली घेऊनच जिना चढलो. मोठी सात वर्षांची. धाकटा चार वर्षांचा, आणि तो खरोखरच एका बिबड्यावर मांडी घालून, निवडून आलेल्या सरपंचासारखा बसला होता.

बिबडे म्हणजे ज्वारी भिजवून, भरडून, त्यात तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची आणि ते गरम पीठ ओल्या लुगड्यावर भाकरीएवढं थापून उन्हात वाळवायचं. वर्षभराचा साठा असतो. यंदा त्यासाठी सासूबाई खास धरणगावहून आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत जाणार होत्या. गल्लीतल्या चार बायकांना घेऊन त्यांनी सकाळी उजाडताच दोन लुगडी भरून बिबडे थापले. मग त्या आणि माझी बायको एका बारशाला निघून गेल्या.

जाताना बायको चप्पल घालता घालता म्हणाली, “अहो, मी पाचला येते. पोरं पोटभर जेवलेली पाहिजेत आणि बिबडे जागेवर पाहिजेत. एवढं जमलं तर नाशिकला हो कळवते. नाही जमलं तर नाही कळवते.”

नाशिकला तिचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. ती शाळेत शिकवते. हे प्रशिक्षण झालं की तिला वरचे वर्ग मिळणार होते आणि मुख्याध्यापकांना त्याच संध्याकाळी उत्तर हवं होतं. मागच्या वर्षी तिनं नाही सांगितलं, कारण धाकट्याला ताप होता आणि मला औषधाची बाटली सापडत नव्हती. ती माझ्या हातात होती. यंदाही नाही म्हटलं तर तिला परत विचारणार नव्हते.

मी म्हणालो, “माझ्या हाताखाली ऑफिसात बारा माणसं आहेत.” हे खरं आहे. त्यांतली तीन माझं ऐकतात. पण मी रोज सकाळी साडेसातला धरणगावची गाडी पकडतो आणि परत येतो तेव्हा पोरं पेंगुळलेली असतात. त्यामुळे धाकटा बरेच दिवस मला रविवारी येणारा पाहुणा समजत होता. एकदा त्यानं मला ‘पुन्हा या’ असंही सांगितलं होतं.

तर, बसलेला बिबडा. तो परत वाळत घालणं बरं दिसेना. टाकवेना. चड्डी सकाळीच धुतलेली होती. मी तो अलगद सोलून काढला, घडी केली आणि खाल्ला. पुरावा नाहीसा करणं एवढाच हेतू होता.

पण अर्धओल्या बिबड्याची चव ज्याला माहीत आहे, तो मला शिक्षा देणार नाही. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, लसूण नाकात. आमच्याकडे मे महिन्याचं ऊन असं असतं की शेजारच्या काकूंनी एकदा माझ्या स्कूटरच्या सीटवर पापड भाजून घेतला होता. मी स्वतः खाल्ला आहे. बिबडा या अवस्थेत फार तर तासभर टिकतो. नंतर तो नुसता पापड होतो. म्हणजे घाई करणं भाग होतं.

“मला पण,” मोठी म्हणाली.

“आधी वरणभात.”

धाकट्यानं वरणभाताचा घास घेतला आणि गालात ठेवला. याचा अनुभव मला आहे. एका रविवारी सकाळी भरवलेला घास त्यानं संध्याकाळी जसाच्या तसा परत केला होता. पोरं पोटभर जेवलेली पाहिजेत, ही पहिली अट होती. मी खालून कच्चं तेल आणि शेंगदाणे आणले.

“एकेकच,” मी बजावलं.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून नाना डोकावले. नाना निवृत्त आहेत आणि त्यांचं नाक अजून नोकरीत आहे.

“भाऊ, तेल घाण्याचं शे का?”

“हो नाना.”

“मंग येतो.”

ते कठडा ओलांडून आले. वय सत्तरच्या पुढचं. सहा खाल्ले आणि म्हणाले, “मीठ जरा कमी शे.” मग खात्री करायला सातवा घेतला.

मोठीनं किती खाल्ले ते मी विचारलं नाही. धाकटा मांडी न मोडता जवळचे सगळे संपवून पुढच्या ओळीत सरकत होता. मी फक्त फाटलेले खात होतो. सोलताना बरेच फाटत होते.

वर पाहिलं तेव्हा एक लुगडं संपलं होतं. लुगडं होतं, बिबडे नव्हते.

नाना कठड्यावरून परत गेले, येतानापेक्षा चपळाईनं. मी उरलेले बिबडे उचलून दोन्ही लुगड्यांवर विरळ मांडले. दोन बिबड्यांच्या मध्ये धाकटा आडवा झोपू शकेल एवढी जागा राहत होती. तो झोपलाही. मोठीही. दोघांना खाली आणून कूलरसमोर ठेवलं आणि पाणी प्यायला टेकलो.

डोळे उघडले ते सासूबाईंच्या आवाजानं. त्या गच्चीवरून खाली येत होत्या.

“बठ्ठं खाई टाकं का, जवाईबापू? सगळंच?”

“उन्हानं आकसले असतील,” मी म्हणालो.

मोठी झोपेतून उठून म्हणाली, “आजी, पप्पांनी फक्त फाटलेले खाल्ले. ते फाडत होते.”

 सासूबाईंनी पिशवीतली घरी न्यायची घडी केलेली पातळं बाहेर काढून परत दोरीवर टाकली. “ज्वारी भिजवते पुन्हा,” त्या बायकोला म्हणाल्या. “ती तीन दिवस भिजल, मंग थापणं, मंग वाळणं. आठवडा गेला माझा.”

बायकोनं धाकट्याच्या पोटावरून हात फिरवला. पोट टरबुजासारखं टणक होतं. मग तिनं पर्समधून मोबाइल काढला, मुख्याध्यापकांना फोन लावला आणि नाशिकला जाते म्हणून सांगितलं.

मी जरा सरसावून बसलो. “म्हणजे मला जमलं.”

“नाही,” ती म्हणाली. “आई थांबतेय.”