मतदाराची खुर्ची

इंग्लंडातल्या हल शहरातल्या आमच्या टॉवरच्या साठ बिऱ्हाडांत नेमाने मत देणारी एकटी बेरील थॅकरे. उभी हयात तिने शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. पक्षवाले मत देणाऱ्यांची यादी बघूनच दारं ठोठावतात, म्हणून नऊ मजले चढून आलेला उमेदवार फक्त तिच्याकडे आला.

"लिफ्ट चार महिने बंद आहे," बेरील म्हणाली. "माझे गुडघे गेले. मत द्यायला उतरू कशी?"

"बघतो, मावशी. पण बागेपलीकडच्या बंगल्यांत घरटी दोन-तीन मतं आहेत, इथं तुमचं एकच," असं म्हणून तो घाम पुसत उतरला.

लिफ्ट काही सुरू झाली नाही. मतदानाच्या दिवशी शेजारच्या डगीने तिघांना गोळा केलं आणि बेरीलला खुर्चीसकट खाली नेलं. केंद्रात मात्र मत तिचंच पडलं, कारण मत द्यायला लागणारं फोटोचं ओळखपत्र, म्हणजे म्हाताऱ्यांचा बसचा पास, एकट्या तिच्याकडे होतं.

परत चढताना सहाव्या मजल्यावर डगी धापा टाकत म्हणाला, "मत एक पडलं आणि कंबरडी चार मोडली."

"मग ओळखपत्रं काढा," खुर्चीतून बेरील म्हणाली. "यादीत पाच मतं दिसली की लिफ्ट दुरुस्त होते का बघू. तोवर उचला."