आधी दादाचा मसाला

माझा मोठा भाऊ बावीस वर्षं दुबईत आहे. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो ते गेल्या हिवाळ्यात, चार दिवसांसाठी. नवरा निवृत्त झाला होता आणि निरोपाच्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येकाने त्याला "आता काय, फिरा!" असं सांगितलं होतं. इतक्या लोकांनी सांगितल्यावर त्याला ते पटलं. मला फिरण्याची हौस बेताचीच. मुलुंडहून विक्रोळीला आईकडे जावं, भाजी घेऊन परत यावं, एवढं मला पुरतं. पण तिकिटं निघाली, आणि मी ते आईला सांगताच ती म्हणाली, "दादाक मसालो घेवन जा."

आई ब्याऐंशी वर्षांची. विक्रोळीच्या चाळीत एकटी राहते आणि कोणाचं ऐकत नाही. दर मे महिन्यात ती वर्षाचा मालवणी मसाला करते. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल सगळं भाजायचं, आणि स्टेशनजवळच्या डंकावर जाऊन कुटून आणायचं. डंक म्हणजे लोखंडी मुसळांची गिरणी. तिथे ठसक्याने माणसाचे प्राण कंठाशी येतात, पण आई शेवटपर्यंत स्टुलावरून हलत नाही. आपण उठलो की डंकवाला दुसऱ्याचा मसाला आपल्यात मिसळतो, असा तिचा ठाम समज आहे.

मसाला दोन भागांत कुटायचा. आधी लहान भाग, तो दादाचा. तो बरणीत भरून झाकणाला चिकटपट्टी लावून झाली, की मग बाकीच्यांचा मोठा भाग. दादा दुबईला गेला तेव्हापासूनची ही रीत. एकदा मी मदतीला गेले होते आणि आमचा डबा आधी पुढे केला, तर आई भर डंकावर माझ्यावर खेकसली, "आधी दादाचो!" मी आमचा डबा मागे घेतला. मुलाला आधी, मुलीला मागाहून, हे काही मला नवीन नव्हतं. पण ते मी मनात धरून ठेवलं होतं, हेही खरं.

गेल्या मे महिन्यात डंकावरून उठताना तिला मी आणि नवऱ्याने धरून उठवलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ह्यो शेवटचो. फुडच्या वर्साक माझ्यान जमाचा नाय." दादा चार वर्षांत आलेला नव्हता. त्याची बरणी मेपासून फळीवर तशीच होती, आणि शेवटचा मसाला त्याच्या ताटात पडावा, एवढंच आईचं म्हणणं होतं.

अडचण खसखशीची होती. ट्रॅव्हलवाल्याने काय नेऊ नये याचा एक कागद दिला होता, त्यात खसखस होती. तिकडे तिला बंदी आहे. नवऱ्याने तो कागद मला दोनदा वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "निवृत्त झालोय, तुरुंगात नाही जायचंय यार." मी आईला समजावायला गेले. खसखस म्हटल्याबरोबर तिने हात झटकला.

"माका शिकव नको. माका सगळा म्हायत आसा. तू फकत घेवन जा."

हट्टाला औषध नाही. मी बरणी घेतली आणि घरी येऊन चिकटपट्टी कापली. मसाला एका स्टीलच्या डब्यात काढून कपाटात मागे ठेवला. घाटकोपरच्या बाजारातून बिनखसखशीचा तयार मसाला आणून तो बरणीत भरला आणि नवी चिकटपट्टी लावली. आई व्हिडिओवर बरणी बघायला मागणार, हे मला माहीत होतं. आईला फसवतोय असं काही तेव्हा वाटलं नाही. एक काम उरकलं, असं वाटलं.

दुबई फोटोत दिसते तशीच आहे, हा तिचा गुण म्हणावा की दोष, मला ठरवता आलं नाही. उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये कान बंद झाले आणि वर गेल्यावर खाली आणखी इमारती दिसल्या. मॉलमध्ये काचेच्या भिंतीमागे रेडकाएवढे मासे फिरत होते. नवरा बराच वेळ बघून म्हणाला, "हा तव्यात मावणार नाही." दुसऱ्या एका मॉलमध्ये बर्फ होता आणि तो बघायला भाड्याने कोट मिळत होते. मी कोट घातला, बर्फ बघितला, कोट परत केला. वाळवंटात जीप वाळूच्या टेकड्यांवरून खालीवर नेतात. पहिल्या टेकडीला नवरा "झकास!" म्हणाला, दुसरीला "अरे देवा", तिसरीनंतर काही बोलला नाही. मी पर्समधली आवळासुपारी त्याच्या हातावर ठेवली. रस्ते इतके स्वच्छ की पेपरमिंटचा कागद त्याने दिवसभर खिशात बाळगला.

दादा रोज संध्याकाळी आमच्या हॉटेलवर गाडी घेऊन यायचा. तो एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे आणि ते शहर तो एसीवरून ओळखतो. लोक कारंजं दाखवतात, दादा गच्च्या दाखवायचा. "ते हॉटेल बघ. त्याची सगळी यंत्रं वर आहेत, तीन वर्षं मीच बघायचो. आणि हे सोन्यासारखं चमकतंय ना, आत पाणी गळतं." मग हसून म्हणायचा, "एसी बंद पडले ना, तर हे सगळे दोन दिवसांत गावाला जातील." मला चारही दिवसांत सगळ्यात आवडलं ते हे गच्च्यांचं पुराण. दादाचे केस पांढरे झाले होते. फोनवर ते दिसत नसत.

तिसऱ्या दिवशी त्याने घरी जेवायला बोलावलं. वहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडात होती, म्हणून दादाने स्वतः कोंबडी केली. जुन्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर, खिडकीत तुळस. त्याने माझ्यासमोर मी नेलेल्या बरणीची चिकटपट्टी काढली, नाक आत घातलं आणि कोंबडीत तीन चमचे घातले.

जेवायला बसल्यावर आईला फोन लावला. आईने आधी बरणी बघितली, मग ताट. दादाने घास घेतला आणि बोटं उंचावून म्हणाला, "आई, एक नंबर!" आईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आनखी भात घे," आणि फोन ठेवला.

फोन बंद झाल्यावर दादाने ताट थोडं पुढे सरकवलं.

"आईचा हात गेला गं," तो म्हणाला. "ही तिची चव नाही. इतकी थकली का ती?"

त्याचे डोळे भरले होते. नाहीतर मी तोंड उघडलं नसतं. पण बाजारच्या मसाल्याचा आळ आईवर येत होता, आणि ते मला सहन होईना.

"दादा, हा आईचा नाहीच. घाटकोपरचा आहे." मग मी सगळं सांगितलं. कागद, खसखस, स्टीलचा डबा.

तो एवढ्या मोठ्याने हसला की नवरा दचकला.

"मी काय करायचो सांगू? दरवेळी विमानतळावर टॅक्सीतून उतरताना बरणी ड्रायव्हरच्या हातात द्यायचो. म्हणायचो, भाऊ, घरी घेऊन जा. अगं, नोकरी गेली असती ना! मुंबईतल्या किती टॅक्सीवाल्यांनी आईचा मसाला खाल्लाय, देव जाणे."

"आणि आईला काय सांगायचास?"

"पुरवून पुरवून खाल्ला म्हणायचो. तिला काय कळतंय इथलं."

आम्ही पोट धरून हसलो. शाळा बुडवलेली दोन पोरं रस्त्यात एकमेकांना भेटावीत, तसं झालं. आई कशी कोणाचं ऐकत नाही, यावर आमचं एकमत झालं आणि राहिलेली कोंबडी आम्ही संपवली. चौथ्या दिवशी सोन्याचा बाजार बघितला, खजूर घेतले आणि परत आलो.

दुसऱ्याच दिवशी खजूर घेऊन आईकडे गेले. तिने एक बोटाने दाबून बघितला आणि बाजूला ठेवला.

"विमानतळार कोणी अडवल्यान नाय मा?"

"नाही गं," मी म्हटलं.

"अडवतीत कशाक? तेच्यात खसखस खंय होती!"

"नव्हती?" मी विचारलं. ती खजुराच्या पुडीला गाठ मारत होती. दादा गेला त्याच वर्षी, तिने सांगितलं, खालच्या खोलीतल्या बाईच्या भावाला तिकडे खसखस घातलेल्या मसाल्यासाठी धरलं होतं. तेव्हापासून ती दादाचा मसाला बिनखसखशीचा करते. खसखशीऐवजी खोबरं थोडं जास्त घालते.

"म्हणान तर आधी त्येचो," ती म्हणाली. "आमचो आधी कुटलो तर भांड्याक खसखस लागान ऱ्हवता मा."

मी विचारलं, "मग हे कधी बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलास कधी?"

मला लाज वाटली. बावीस वर्षं ती ठसक्यात स्टुलावर बसून त्या एका बरणीपासून खसखशीचा कण कण दूर ठेवत होती. आम्ही दोघं शिकलेली, कागद वाचणारी मुलं, आणि त्यातला एक चमचाही आम्ही समुद्रापार जाऊ दिला नव्हता. वर मी त्या "आधी"चा राग धरून बसले होते. त्या दिवशी आईला मी काही सांगितलं नाही. धीर झाला नाही.

घरी येऊन कपाटातला स्टीलचा डबा काढला आणि दादाला फोन केला. आई जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगितलं.

"डबा आहे ना अजून?" त्याने विचारलं.

"समोर आहे."

"जरा चाखून बघ."

मी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावला. तिखट, आणि मागून भाजलेल्या खोबऱ्याची गोडी. आमच्या डब्यात ती कधी नसते.

"आईचाच आहे," मी म्हटलं. डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"कोणाबरोबर पाठवू नकोस. मी येतो न्यायला," दादा म्हणाला. मग म्हणाला, "आईला टॅक्सीवाल्यांचं सांगू नकोस हां."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "ते तू सांग. तिच्यासमोर बसून."