न मोडणारी स्टुलं

जगातल्या कुठल्याही वस्तूवर, हातोडीने दोनदा ठोकून तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय, विश्वास ठेवायचा नाही, असं मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी मूळचे तिकोणा पेठेकडच्या शेतकरी घरातले, पण नोकरी सगळी खंडाळ्याच्या घाटात, रेल्वेच्या रुळांवर. रोज हातोडी घेऊन चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या एकेक करून ठोकायच्या आणि नुसत्या आवाजावरून सैल झालेली ओळखायची. निवृत्तीच्या दिवशी हातोडी परत करावी लागली. कान मात्र ते घरी घेऊन आले. कलिंगड काय, कुणीही ठोकतं. दाजी गॅसचं सिलिंडर ठोकतात, लग्नाच्या मांडवाचे खांब ठोकतात, दवाखान्यातला बाक ठोकून मगच त्यावर टेकतात. माझी नवी गाडी दाखवायला तळेगावाहून मुद्दाम लोणावळ्याला नेली, तर त्यांनी दारावर टकटक केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाव्हणं, हितं आत पोकळ हाय." मी म्हटलं, दाजी, गाडीचं दार पोकळच असतं. "आसंल," ते म्हणाले, "पर त्यांनी तुमाला आदी सांगाया पायजेल व्हतं."

अशा माणसाने निवृत्तीनंतर सुतारकामाला हात घातला, यात नवल नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या हट्टाचं. खंडाळ्याला एक जुना बंगला पाडत होते, तिथून सागवानी चौकटींचे तुकडे त्यांनी टेम्पोत घालून आणले, मागच्या पडवीत रचले आणि ताईला सांगितलं की आजपासून हितं केर काढायचा न्हाई, भुशावरून मला काम कळतं. ताई मला म्हणाली, "घाटात व्हते तवा लय बरं व्हतं बाबा. निदान दिसभर घाटात तरी व्हते." पहिला पाट केला तो एका कोपऱ्यावर डुलायचा. तो सरळ करता करता रंध्याखाली इतका झिजला की शेवटी ताईने त्यावर पोळ्या लाटायला घेतल्या. पण दाजींनी खिळा मारला नाही. खिळ्याचा त्यांना मनापासून राग. "खिळा म्हंजी लाकडाला दिलेली लाच. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तेवडंच भोक पाडायचं, आन् दोगांना एकमेकात बसवायचं. बसली तर जल्माची बसली." त्या जिभेला सुतार कुसू म्हणतात. दाजी दिवसाला चार-चार कुसं तासायचे, ठोकून ऐकायचे आणि चुलीत घालायचे.

ताईचे गुडघे गेले तेव्हा या सगळ्याला दिशा मिळाली. खाली बसून भाकरी थापणं होईना, आणि ओट्यापाशी उभं राहणं त्याहून अवघड. तिच्या मापाचं स्टूल करायचं ठरलं. पिठाने भरलेले हात वर धरून ती उभी, आणि दाजी जमिनीवर पालथे पडून टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतायत, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कारण संध्याकाळी सूज चढते. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, आठ सांधे. तीन महिने लागले. ताई बसली, जरा हलून पाहिलं आणि म्हणाली, "बसतंय बरं." चाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला दिलेलं हे बहुधा सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. दाजी रोज सकाळी ते स्टूल ठोकून बघत आणि मगच तिला बसू देत. त्याच सुमारास पुण्याला दिलेल्या त्यांच्या लेकीला दिवस गेले आणि दाजींनी जाहीर केलं, की पाळणा मीच करणार.

आता इथून पुढचं लिहायचं मी दोन वर्षं टाळलं. मी तसा कमी बोलणारा माणूस. लोकांना तो माझा चांगुलपणा वाटतो.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी ताईकडे गेलो होतो. माळ्यावरची फराळाची कढई काढून दे, असं सांगून ती कपडे आणायला गच्चीवर गेली. मी तेच स्टूल घेतलं. चढताना नीट चढलो. उतरताना दोन्ही हातांत कढई, म्हणून सगळा भार एका पायाने खालच्या आडव्या पट्टीवर टाकला. स्टूल कलंडून एका पायावर आलं आणि 'कट्' असा आवाज झाला. पट्टी जिथे पायात शिरते तिथून केसाएवढी चीर वर गेली होती. अंगठ्याने दाबली तर मिटली. मी स्टूल जागेवर ठेवलं, चीर भिंतीकडे करून. सांगायचंच होतं मला. तेवढ्यात दाजी आले, पाळण्यासाठी शिसवीचा एक तुकडा बघून ठेवलाय, उद्या पहाटेच आणायला जाणार, म्हणून इतके खुशीत होते की मी चहा प्यायलो आणि लोकल पकडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी लाकूड आणायला गेले. त्या एका सकाळी स्टूल ठोकलं गेलं नाही. ताई बसली, पाय उभा फाटला, आणि पडताना टेकलेल्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने दाजींचं सांत्वन केलं, ते अपमानाहून वाईट होतं. "जाऊ द्या दाजी, हौस ती हौस." "प्लास्टिकची खुर्ची चांगली येते हो आता." दाजींनी वही काढली. घाटात काहीही घडलं की चौकशी व्हायची, आणि घडल्याचं कारण लिहून दिल्याशिवाय ती मिटत नसे. घरातही तसंच होणार होतं. ताईचा, शेजारणीचा, भांडीवालीचा, प्रत्येकीचा जबाब घेतला. माझाही घेतला, ताईच्या खाटेपाशी, चार नातेवाइकांसमोर. घटनेच्या वेळी कुटं व्हता? तळेगावात. त्याआदी स्टुलाला हात लावलावता का? मी म्हणालो, नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

मग दाजींनी, बघवेना म्हणून, मोडकं स्टूल हातात घेऊन न तपासताच गोणपाटात गुंडाळून ठेवलं आणि निष्कर्ष काढला, की भोक मोठं पडलं, सांधा आपला चुकला. पण चुकला तो कसा, हे हाताला कळल्याशिवाय पाळण्याला हात लावायचा नाही. "माज्या सांद्यावर ल्येकरू निजवू? आदी मला मोडून बघू द्या." आणि त्यांनी हुबेहूब तसंच दुसरं स्टूल केलं, मोडण्यासाठी. त्यावर तांदळाची पोती ठेवली. मोडेना. तिसऱ्याचं भोक मुद्दाम थोरलं पाडलं. पावसाळाभर बाहेर भिजवलं, चुलीपाशी सुकवलं, आणि गल्लीतल्या सर्वांत जाड गृहस्थांना चहाला बोलावून त्यावर बसवलं. ते दोन तास बसले. "ह्ये बी मोडत न्हाई, पाव्हणं," दाजी मला हताशपणे म्हणाले. आपली वस्तू मोडत नाही म्हणून खंतावलेला कारागीर मी दुसरा पाहिला नाही. न मोडलेली स्टुलं मग घराबाहेर पडू लागली. चिक्कीच्या दुकानात दोन गेली, न्हाव्याकडे एक, देवळात एक, शाळेच्या शिपायाला एक. अख्खी गल्ली दाजींच्या लाकडावर निर्धास्त बसत होती, आणि दाजी एकविसाव्या स्टुलाला भोक पाडत होते. दरम्यान नात झाली. तिला दुकानातला पाळणा आणला. बारशाला तो हलवताना दाजींनी आधी ठोकून पाहिला.

गेल्या उन्हाळ्यात लेक नातीला घेऊन आली होती. मीही गेलो होतो. दीड वर्षाची ती पोर पडवीत लुटुलुटु गेली आणि एका नव्या स्टुलावर चढून बसली. दाजींनी हातातली पटाशी टाकली आणि धावत जाऊन तिला इतक्या जोरात ओढून उचललं की ती भोकाड पसरून रडायला लागली. "आगं, माज्या हातचं हाय ते," ते तिला समजावत होते, जणू विहिरीच्या काठावरून काढलंय.

मी म्हणालो, "दाजी, ते स्टूल मी मोडलं." आणि कढई, पट्टी, चीर, भिंत, सही, सगळं सांगून टाकलं. ताई दारात उभी होती. ती तिचं उजवं मनगट डाव्या हाताने चोळत म्हणाली, "आन् मी ह्याला तवा डाव्या हातानं फराळाचा डबा भरून दिला." पुढे महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

दाजींनी नातीला लेकीकडे दिलं. आत जाऊन गोणपाटात गुंडाळलेलं ते मोडकं स्टूल बाहेर आणलं. "पाय कुटं ठेवलावता? दावा." मी दाखवलं. "वजन किती व्हतं?" म्हटलं, शहाऐंशी किलो. त्यांनी फाटलेला पाय हातात घेतला. पट्टीचं कुसू अजूनही अर्ध्या भोकात घट्ट बसलेलं होतं. ते त्यांनी ओढलं, पिळलं, ठोकून ऐकलं. ते निघालं नाही.

"सांदा सुटलाच न्हाई," ते म्हणाले. "लाकूड फाटलं. सांदा धरूनच हाय की ओ अजून!" त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मीही हसलो. मग ते उजळणं हळूहळू ओसरत गेलं. त्यांनी पडवीत ओळीने ठेवलेल्या स्टुलांकडे पाहिलं, मग रडून रडून लेकीच्या मांडीवर झोपलेल्या पोरीकडे.

"दीड वर्स, पाव्हणं," एवढंच म्हणाले.

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उठले, टेप घेऊन आले आणि झोपलेल्या नातीपाशी गुडघे टेकून बसले. पाळण्यात ती आता मावणार नव्हती. "पलंगच करू," ते लेकीला म्हणाले. "लांबी जरा जास्तच धरतो. ती काय थांबनार हाय व्हय?" टेपचं एक टोक त्यांनी तिच्या डोक्यापाशी धरलं आणि दुसरं, माझ्याकडे न बघता, माझ्यापुढे केलं. मी ते तिच्या टाचेपाशी धरलं. टेप माझ्याकडून तिरका जात होता. त्यांनी तो दोनदा सरळ केला.