देवीची बडदास्त

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काही संबंध नाही पण ज्यांनी कान टवकारले आहेत त्यांस विशेषकरून, कळवण्यात येते की धरणगावात आमच्या गल्लीत देवीला यायचं झालं, तर ती आधी सुमनअक्कांना विचारून येत असे. निदान अक्कांची तशी समजूत होती, आणि ती मोडून काढील असा माणूस गल्लीत जन्मला नव्हता.

कुणाच्या पोराला कांजण्या उठल्या, म्हणजेच देवी आली, की शेजारच्या अक्का अनवाणी, हातात कडुलिंबाचा डहाळा घेऊन हजर. घरात फोडणी बंद, मोठ्यानं बोलणं बंद. मला कांजण्या आल्या तेव्हाची दुपार अजून डोळ्यांत तरंगते. जवळच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस उन्हात अलगद फिरतोय, लिंबाचा पाला अंगावरून सरकतोय, आणि मी रडत विचारतोय, "अक्का, देवी माझ्यावर रागावली का?"

"नही रे बाळ्या. लांबथून उनी, दमेल शे. तिले झोपू दे."

लांबून आलेल्या, दमलेल्या देवीला जागा व्हावी म्हणून मी खाटेच्या कडेला सरकून झोपलो.

काही वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या चार वर्षांच्या परीला कांजण्या आल्या. अक्कांची नात वैशू तेव्हा पाचव्या महिन्यात होती आणि आजीकडे विश्रांतीला आली होती. अक्कांना वाटलं, योग चालून आला. खण, नारळ, दहीभात घेऊन त्या वैशूला हाताला धरून आमच्या घरी आल्या. "पाया पड माय. पोटमाना जीवले बी आशीर्वाद भेटी."

अंगभर फोड मिरवत परी महाराणीसारखी बसली होती. देवीनं दहीभात नाकारून मोबाइल मागितला. मग वैशूच्या मांडीवर डोकं टेकलं आणि झोपेत हात तिच्या पोटावर ठेवला. खोलीतल्या साऱ्या बायांनी हात जोडले. मीही जोडले. दृश्यच तसं होतं.

दुसऱ्या दिवशी वैशूची नेहमीची तपासणी होती. मी तिला आणि अक्कांना गाडीतून जळगावला नेलं. वैशूनं डॉक्टरबाईंना ते दृश्य मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"वैशू, तुला लहानपणी कांजण्या आल्या होत्या? किंवा लस घेतली होतीस?"

लस नव्हती. कांजण्यांचं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं अक्कांकडे पाहिलं. कुणाच्या घरी देवी कधी मुक्कामाला होती हे तोंडपाठ असलेल्या अक्कांनी बोटांवर एकेक घर मोजलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "आमना घर ती कधीच उनी नही. माले वाटे, तिनी मन्हावर माया शे."

बाई रागावल्या नाहीत. "अक्का, पोटात बाळ असताना आईला कांजण्या झाल्या तर दुखणं फुप्फुसात उतरू शकतं. बाळाला बाधा क्वचित होते, पण होते. आज रक्त तपासू. अंगात प्रतिकारशक्ती नसेल, तर त्यासाठी वेगळं इंजेक्शन आहे, ते वेळेत द्यायला हवं."

"मंग लसच टोची द्या ना!"

"गरोदरपणी ती देत नाहीत. बाळंतपणानंतर देऊ."

"अन् धाकली व्हती तवय टोची राहती तर?"

"तर आज मी तुम्हाला नुसता चहा विचारला असता."

रक्तात प्रतिकारशक्ती नव्हती. इंजेक्शन मागवून वेळेत दिलं गेलं. मग उरलं वाट पाहणं. रोज सकाळी अक्का वैशूला उन्हात बसवून, बांगड्या वर सारून, तिचे हात न्याहाळत. एकदा डास चावला, तर त्या डासाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पण दुपारी लिंबाखाली त्या एकट्याच बसत, पाला हातात तसाच. एकदा मला म्हणाल्या, "बाळ्या, मीच तिले हात धरीसन तुमना घर लयनी ना रे?" मी वर पाहिलं. कापसाचा एक पुंजका खाली यायचं नाव घेत नव्हता.

फोड आलेच नाहीत. मुलगी झाली, गुटगुटीत, गल्लीभर ऐकू येईल अशा आवाजाची. वैशूनं मग लस घेतली.

त्यानंतर कांजण्यांच्या घरी अक्का जात, पण दाराशी पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहत. नव्या सुनांना भर गल्लीत विचारत, "दिवस गेलेत का तुले? मंग नमस्कार तठूनच!" लेकुरवाळ्यांना वेगळा प्रश्न: "पोरले दोन्ही टोचण्या झाल्या का?" एखादी म्हणाली की अक्का, तुम्ही तर देवी मानता, तर उत्तर ठरलेलं: "मानस ना! म्हनीसनच तिले कामले लावत नही."

अक्का मागच्या हिवाळ्यात गेल्या. मला मात्र त्या अजून जळगावच्या त्या दवाखान्यातच दिसतात. पणती वर्षाची झाली होती, कांजण्यांची पहिली टोचणी होती, आणि तिला मांडीवर घेण्याचा मान अक्कांनी भांडून मिळवला होता. अंबाड्यात लिंबाची डहाळी खोवलेली. सुई टोचली, पोरीनं छत डोक्यावर घेतलं, आणि अक्कांनी वर पाहून देवीला, बाहेर बसलेल्या साऱ्या आयाबायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं:

"माय, आते तू बी घर जाय अन् झोप! हाई पोरले आम्ही सांभाळसूत!"