दादाचे अक्षांश-रेखांश

दुपारी जेवून आडवी होते. डोळ्यांवर ओढणी घेतलीय. मागच्या पडवीत आई आमसुलं उलटतेय, ते ऐकू येतंय. मग ऐकू येतंय, पण पडवी लांब गेलीय.

"पायात काय तरी घाल गो," विश्रामदादा म्हणतो. "लोखंड तापलेला आसा."

विश्रामदादा माझा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर अधिकारी होता. गेल्याच्या गेल्या वर्षी वादळात जहाज बुडालं. लाइफबोटीतले सगळे वाचले. दादा सापडला नाही. त्याच्या दिवसकार्याला आलेलं कुणीतरी म्हणालं, "काळोखात वाट चुकलो असतलो बिचारो." ते वाक्य माझ्यात रुतून बसलंय. तो गेला, हे मी सोसते. आपण कुठे आहोत हेही न कळता गेला, हे सोसवत नाही.

मी चपला घालते. पायाखाली आमच्या स्वयंपाकघराचा कोबा आहे. जरा पुढे गेलं की तोच डेक होतो. ओट्याच्या जागी कठडा. पलीकडे पाणी, आधी गल्लीएवढं, मग सगळीकडे.

"जेवलंस?"

"जेवलंय. बांगड्याचा तिखला."

तो समाधानाने मान हलवतो आणि माझ्या हातात सेक्स्टंट देतो. सूर्याची उंची मोजायचं ते यंत्र भलतंच जड आहे.

"डोळो लाव. घट्ट."

काचेत सूर्य हिरवा दिसतो, लिंबाएवढा. मी त्याला खाली आणून क्षितिजावर टेकवते. तो वर वर सरकतो. मग थांबतो.

"सूर्य थांबलो, दादा."

"झाला तर. तो किती उंच, त्याच्यावरून अक्षांश. आता घड्याळात किती वाजले, त्याच्यावरून रेखांश. दोन रेघो जंय छेदतत, थंय आपण."

मला विचारायचंय. विचारतेच. "त्या रात्री तुका कळत होता? तू खंय आसस ता?"

तो माझ्याकडे नवलाने बघतो. "अगो, मीच तर सांगत होतंय वायरलेसवर. अक्षांश, रेखांश. परत परत. नायतर त्या पोरांका शोधूक बोट इली कशी असती?"

"भियालंस?"

"भियालंय तर. पण हरवलंय नाय."

माझ्या छातीतलं काहीतरी सैल होतं. कठड्याला टेकून मी नुसती श्वास घेत राहते. दादा वर बघतो.

"सूर्य उतराक लागलो. जा, आई हाक मारता."

"किती हाका मारूच्यो?" आई उशाशी उभी आहे. मग वाकून बघते. "ह्या काय झाला डोळ्याभोवती?"

आरशात बघते. उजव्या डोळ्याभोवती लालसर वर्तुळ उमटलंय, अगदी गोल.

"बांगडीवर निजलंस," आई म्हणते.

मी त्यावरून बोट फिरवते. खोलगट आहे, किंचित दुखतंय. थोड्या वेळाने ते विरून जाईल. त्याआधी मी आईचा हात धरून तिला शेजारी बसवते आणि सांगायला लागते.