धूर पाहणारे साहेब

महापालिकेच्या बांधकाम-परवानगी खात्यातले आमचे साहेब कोणाच्याही घरात शिरले की आधी खिशातून अगरबत्ती काढत, पेटवत आणि यजमानांना सांगत, "पंखा बंद करा." मग खोलीच्या मधोमध उभे राहून धूर कुठे जातो ते पाहत. तो खिडकीकडे गेला तर त्यांचा चेहरा खुले. तिथेच घुटमळला तर घरमालकाच्या तोंडावर सांगत, "हवा येईल हो, पण जाणार कुठून?" सुरतेचा मे महिना, सगळे घामाने निथळताहेत आणि साहेब धुराकडे बघताहेत. मला तोंड कुठे लपवावं कळत नसे.

कामरेजला एका ठेकेदाराच्या नव्या बंगल्यात त्याच्या बायकोला वाटलं, पूजाच आहे. तिने डोक्यावर पदर घेतला, पेढे आणले. साहेबांनी दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, "बेन, पेढे उत्तम. खिडकी मात्र चुकली." तो ठेकेदार पुढे मला कुठेही दिसला की विचारी, "काय पुजारी, आज कोणाकडे?"

साहेब बडोद्यात वाढलेले मराठी. मी चोपड्याच्या शाळेतून आलेला, घरातला पहिला पदवीधर. ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणत. माझं इंग्रजी टिपण लाल पेन्सिलीने रंगवून परत देत आणि शेजारी बसवून पुन्हा लिहून घेत. एवढा वेळ मला आधी कोणी दिला नव्हता. म्हणून त्यांच्यावर धड चिडताही येत नसे, हा आणखी वैताग.

सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची ती वर्षं. शहराच्या नियमात लहान प्लॉटवरही घरामागे थोडी जागा मातीची, मोकळी सोडावी लागे. पाणी मुरावं, झाड यावं, मागच्या खोलीला वारा मिळावा. आज ज्याला ग्रीन बिल्डिंग म्हणतात, ते आमच्याकडे नुसतं 'मागचं मोकळं' होतं. राज्याच्या नियमात लहान प्लॉटला ही सक्ती नव्हती. दोन्ही नियम जुळवायचं काम साहेबांकडे आलं, आणि फरक असेल तिथे राज्याचा नियम धरायचा असं ठरलेलं होतं. साहेबांनी बाकी सगळं भराभर जुळवलं आणि या एका कलमावर ठाण मांडलं. "राज्याने कमीत कमी किती ते सांगितलंय. जास्त देऊ नका असं कुठे म्हटलंय?" वरून टिपण परत येई. साहेब तेच टिपण नव्या कागदावर उतरवून मला पाठवायला लावत.

आणि नेमकं याच कलमात आमचं घर अडकलं होतं. सुरतेतच, लिंबायतला, आमच्या घरामागे तशी पट्टी होती, तिच्यात आईने लावलेला शेवगा. ती झाकली तर एक खोली निघणार होती, आणि खोली झाल्याशिवाय धाकट्या भावाचं लग्न होणार नव्हतं. मुलीकडचे थांबून कंटाळले होते. वडील पॉवरलूमवरून आले की मला विचारत, "हापिसमा तू बठस, आन खोली आमले नही?"

शेवटी धीर करून मी साहेबांना सगळं सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी घरी आले. अगरबत्ती घेऊन.

वडिलांनी कुरकुरत पंखा बंद केला. धूर मागच्या दारातून सरळ बाहेर पडला आणि शेवग्यावरून वर गेला.

"तुना साहेब मोठा देवभोळा शे रे," आई कौतुकाने म्हणाली.

"ग्रॅज्युएट," साहेब म्हणाले, "लिंबायतमध्ये याच्याइतकं चांगलं घर मी पाहिलं नाही."

"साहेब," वडील म्हणाले, "या चांगल्या घरात सून कुठे झोपवू तेवढं सांगा."

चहा अर्धा टाकून साहेब निघाले. टिपणात मात्र एक शब्द बदलला नाही.

ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत राज्याचा नियम लागू झाला. शेवगा तोडला. खोली झाली, लग्न झालं. वास्तुशांतीला साहेब बडोद्याहून आले. ते दारात दिसताच वडील आपणहून पंख्याच्या बटणाकडे गेले.

"राहू द्या," साहेब म्हणाले.

ते नव्या खोलीत गेले. नवी सून तिथे भिंतीला टेकून बसली होती, ती गडबडीने उठली. साहेबांनी अगरबत्ती पेटवली, कोनाड्यातल्या देवापुढे खोचली आणि हात जोडले. "सुखी राहा, बेटा," एवढंच तिला म्हणाले आणि जेवायला जाऊन बसले. धुराकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी पाहिलं. पंखा चालू होता, आणि धूर छताखाली गोल फिरत राहिला.